खालून रेटणारे पाणी

टोकियो स्थानकातील सोबु मार्गाचे फलाट जमिनीखाली सुमारे २७ मीटरवर, पाचव्या तळमजल्यावर आहेत. चिबाकडून येणाऱ्या नोकरदारांना थेट शहराच्या मध्यात उतरता यावे म्हणून हा भुयारी मार्ग खोदला गेला आणि १९७२ च्या जुलैत तो सुरू झाला. इतक्या खोलीवरच्या स्थानकाला धोका वरच्या मातीच्या भाराचा, असेच कोणीही म्हणेल. टोकियोत मात्र तो खालून आला.

भुयारी स्थानक म्हणजे काँक्रीटची आतून पोकळ पेटी. भोवतालच्या जमिनीत भूजल असेल, तर पेटीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. पाण्याने भरलेल्या पिंपात रिकामी कळशी दाबताना हाताला जाणवतो, तोच हा रेटा. भूजल तळाच्या जितके मीटर वर, तितके टन दर चौरस मीटरमागे. पेटीचे वजन, छतावरची माती आणि भिंतींना लागून असलेल्या जमिनीचे घर्षण यांची बेरीज या रेट्याहून जास्त भरावी लागते. गाड्या आणि प्रवासी या बेरजेत धरून चालत नाही. मध्यरात्री स्थानक रिकामे होते, पाणी तेव्हाही ढकलतच असते.

सोबु मार्गाचे स्थानक बांधले गेले त्या काळात तिथले भूजल जमिनीखाली सुमारे ३५ मीटरवर, म्हणजे स्थानकाच्या तळाच्याही खाली होते. प्लावक बलाचा प्रश्नच नव्हता. पण ही पातळी निसर्गाची नव्हती, ती पंपांनी आणलेली होती. कारखान्यांनी आणि मोठ्या इमारतींनी दशकानुदशके उपसा केला होता. पाणी निघून गेल्यावर चिकणमातीचे थर दबले आणि शहराच्या पूर्वेकडील कोतो भागात जमीन काही ठिकाणी चार मीटरहून अधिक खचली.

उपसा आणि खचणे यांचे नाते उलगडण्यात मोठा वाटा वादाती कियोओ यांचा. भूकंपशास्त्रात त्यांचे नाव पक्के आहे. महासागरी कवच जिथे खाली सरकते, तिथल्या खोल भूकंपांच्या तिरक्या पट्ट्याला वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात. त्यांच्या दुसऱ्या कामाची आठवण मात्र क्वचितच निघते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी ओसाकात भूजलाचा दाब आणि जमीन खचण्याचा वेग यांची सांगड घातली. पुढे बाँबहल्ल्यांत कारखाने बंद पडले, उपसा थांबला आणि जमिनीचे खचणेही थांबले. इतका निर्णायक पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत हाती लागला नसता! तरीही युद्धानंतर पंप पुन्हा धडधडू लागले. उद्योगांच्या उपशाला आळा घालणारा कायदा १९५६ मध्ये आला, इमारतींसाठीचा १९६२ मध्ये.

कायद्यांनी आपले काम चोख केले. टोकियोची जमीन सावरली, पण तिच्या पोटातले पाणी पुन्हा चढू लागले. १९९० च्या दशकाअखेर टोकियो स्थानकापाशी ते जमिनीखाली सुमारे १५ मीटरपर्यंत पोचले. म्हणजे स्थानकाचा खालचा भाग आता पाण्यात होता आणि तळाखालून दर चौरस मीटरला बारा-एक टनांचा रेटा बसत होता.

असा रेटा काय करू शकतो, हे टोकियोच्याच उपनगरांत ऑक्टोबर १९९१ मध्ये दिसले होते. मुसाशिनो मार्गावरचे शिन-कोदाइरा स्थानक दोन बोगद्यांमधल्या खोल चरात आहे. वर आकाश मोकळे, त्यामुळे छतावरच्या मातीचा भार नाही. त्या वर्षी प्रचंड पाऊस झाला, आसपासचे भूजल फुगले आणि स्थानकाचा तळ रुळांसकट वर आला, कमाल १.३ मीटर. तिथली वाहतूक दोन महिने बंद राहिली. इथे उपशाचा संबंध नव्हता, हे एका पावसाळी मोसमाचे काम होते.

यावर उपाय दोन, वजन वाढवणे किंवा स्थानक खाली बांधून ठेवणे. उएनोच्या भुयारी शिन्कान्सेन स्थानकात फलाटांखाली सुमारे ३७ हजार टन लोखंड रचले गेले. टोकियो स्थानकात सुमारे १३० अँकर बसवले. त्यासाठी तळाच्या स्लॅबला भोक पाडून खालच्या घट्ट थरापर्यंत छिद्र नेतात, त्यात पोलादी तारांचा जुडगा सोडतात आणि खालचे टोक सिमेंटने पक्के करतात. मग जॅकने तारा ताणून वरचे टोक स्लॅबवर अडकवतात. पाणी वर ढकलते, तारा खाली ओढतात.

बोगद्यात झिरपणारे पाणीही वाया जात नाही. २००२ पासून सोबु मार्गाच्या बोगद्यातले पाणी सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या नळातून शिनागावातील ताचिआइ नदीत सोडले जाते. कोंदट वास मारणाऱ्या त्या नदीचे पाणी सुधारले आणि पुढल्याच वर्षी तीत बोय माशांचे थवे दिसले. रेल्वेचा सांडपाणी-आकारही वाचला.

भुयारी स्थानकाची आखणी आजच्या भूजलपातळीवर करून भागत नाही. स्थानक शंभर वर्षे वापरायचे असते आणि तेवढ्या काळात उपसा, कायदे आणि पाऊस सगळेच बदलते. म्हणून पाणी जास्तीत जास्त किती चढू शकेल ते धरून तळ जाड करतात, तो भिंतींच्या बाहेरपर्यंत वाढवून त्यावर मातीचा भार घेतात किंवा पहिल्यापासूनच खाली ओढून धरणारे खांब रोवतात.