वेबपानाचा सांगाडा, पेहराव आणि हालचाल

संगणकाच्या पडद्यावर उमटणारें वेबपान पाहणाऱ्यास एकसंध वाटतें. परंतु त्याच्या पोटांत तीन निरनिराळीं कामें चाललेलीं असतात. कोणता मजकूर मथळा, कोणता परिच्छेद, कोणतें बटण, हें सांगणें हें पहिलें काम. तें एचटीएमएल ही भाषा करते. रंग, आकार व मांडणी ठरविणें हें दुसरें. तें सीएसएसकडे असतें. बटण दाबतांच यादी उलगडणें, अर्जांतील चूक तत्क्षणीं दाखविणें, हें तिसरें. तें वाचकाच्याच यंत्रावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टकडे. हीं तिन्ही कामें एकमेकांत न मिसळतां वेगळीं ठेवावीं, असा या धंद्यांतील जाणत्यांचा दंडक आहे. तो केवळ नीटनेटकेपणाचा हट्ट नव्हे.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना १९८९ सालीं मांडली. संशोधकांची माहिती एकमेकींस जोडली जावी, हा मूळ हेतु. शोभा गौण होती. पुढें वेबचा प्रसार झाला आणि ज्याला त्याला आपलें पान उठावदार हवेंसें वाटूं लागलें. मग अक्षरांचा रंग सांगणाऱ्या खुणा मजकुरांतच घुसल्या, व आंकड्यांसाठीं असलेल्या कोष्टकांत सबंध पान कोंबलें जाऊं लागलें. शंभर पानांच्या मथळ्यांचा रंग बदलावयाचा, तर शंभर पानांना हात लावावा लागे. १९९४ सालीं होकोन व्यूम ली यांनीं शैलीचे नियम वेगळे लिहिण्याची योजना सुचविली. बर्ट बॉस यांच्या सहकार्यानें ती आकारास येऊन डिसेंबर १९९६ मध्यें सीएसएसची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. दरम्यान १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत जावास्क्रिप्ट रचिली होती. आतां एका फायलींतील एक ओळ बदलली कीं शंभरहि पानांचा रंग पालटतो.

परंतु श्रम वांचणें हा लहान लाभ होय. परीक्षेचा अर्ज भरणारा एखादा अंध विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या संगणकावरील वाचनयंत्रणा एचटीएमएलनें दिलेल्या ओळखीवर विसंबून पान मोठ्यानें वाचून दाखविते. मथळ्यास खरोखर मथळा म्हटलें असेल, तर एक कळ दाबून तो मथळ्यामागून मथळा गांठतो. साधा मजकूर नुसता मोठा व ठळक केला असेल, तर त्यास सारें पान ओळीनें ऐकत बसावें लागतें. ‘पाठवा’ हें बटण म्हणजे केवळ रंगविलेली चौकट व तिला चिकटविलेली जावास्क्रिप्ट असेल, तर माउस न वापरणाऱ्यास तें सांपडतहि नाहीं. मुदत टळते, आणि बोल मात्र विद्यार्थ्यास लागतो. मंद जोडणीवर जावास्क्रिप्ट वाटेंतच अडकली, तर डोळस मनुष्याचीहि हीच गत होते.

२०१३ सालीं आलेल्या रिअ‍ॅक्टसारख्या साधनांत सांगाडा व हालचाल एकाच फायलींत लिहितात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण फाईल एक असली तरी कामें तीनच राहतात, आणि बटणास बटण म्हणण्याची जबाबदारी टळत नाहीं.

पान खुशाल सजवावें, चालतें-बोलतें करावें. मात्र पेहराव उतरला व हालचाल थांबली, तरी मागें उरलेला मजकूर कोणासहि वाचतां अथवा ऐकतां यावा. रचनाकाराच्या कामाची खरी परीक्षा तेथेंच होते.