पाऊस चुकला की राज्य चुकले?

खासबागेत ज्वारीचा भाव चढला, की जुनी माणसे दुष्काळाचा विषय काढतात आणि सारा दोष पावसावर टाकतात. आमच्या मते हा अर्धाच हिशेब झाला. पाऊस अधूनमधून दगा देतच आला आहे. पण दर वेळी माणसे अन्नावाचून मेली नाहीत.

आपल्याच भागाचे पाहा. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातील धारवाडच्या किल्ल्याला वेढा दिला. तो १७९१ च्या एप्रिलपर्यंत चालला. एवढ्या फौजेची माणसे, घोडी व बैल खाणार कोणाचे? मुलुखाचेच! त्यात पाऊसही गेला. १७९१-९२ चा तो दुष्काळ 'कवट्यांचा दुष्काळ' म्हणून ओळखला जातो, कारण मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही कोणी उरले नाही. पुढे १८०२ मध्ये होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव वसईला पळाला आणि मुलूख लुटारूंना मोकळा झाला. पाठोपाठ पुणे-नगरकडे १८०३-०४ चा दुष्काळ आला.

शेतकरी बंधूंना हे सांगायला नको, की खरे मरण बियाण्याचे असते. जुन्या काळी ज्वारी पेवात ठेवीत. फौज आली की पेवे उकरी, बैल ओढून नेई. मग पुढच्या वर्षी पाऊस पडला तरी पेरायचे काय आणि कशाने? वाट धोक्याची म्हणून लमाणांचे तांडेही धान्य घेऊन गावाकडे वळत नसत. जिथे फौज पैसे मोजी, तिकडे ते जात.

शहापूर-खासबागेच्या विणकर बंधूंचे दुखणे निराळे. धान्य महागले की लोक आधी लुगडे घेणे थांबवतात. बाजारात पोती असतात, पण विणकराच्या हाती पैसा नसतो. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी हेच दाखवून दिले.

मात्र राज्य स्थिर असले म्हणजे झाले, असेही नाही. १८७६-७८ मध्ये इकडे लढाई नव्हती, सरकार मजबूत होते. तरी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले. लोक काम टाकून निघून गेले. उलट १९७२ साली महाराष्ट्रात पीक बुडाले, तेव्हा वर्तमानपत्रे ओरडत होती, आमदारांना मतांची काळजी होती. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. सुकडी खाल्लेले लोक अजून भेटतात. चवीविषयी त्यांना विचारू नये!

आज सुदानकडे पाहा. नाईलचे पाणी आहे, गेझिराचे कालवे आहेत. पण एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापती एकमेकांवर उठले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ जाहीर करावा लागला.

आरोग्याची एक गोष्ट राहिली. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवण देऊ नये. त्याने जीवही जातो. पातळ पेज थोडी थोडी, पुन्हा पुन्हा द्यावी आणि लगेच दवाखान्यात न्यावे. १८७७ मध्ये पाऊस परतल्यावरही हिवतापाने खंगलेली माणसे मरतच राहिली होती.