बेळगावहून दिल्लीस : हवापालट आणि आपले शरीर

वर्ष अर्धे सरलेले असते आणि एके दिवशी शेजारच्या बाकावरील मित्र सांगतो, "बाबांची बदली झाली. आम्ही दिल्लीला जाणार." आपल्या बेळगावात ही गोष्ट नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे १९२२ पासून आहे, सांब्र्यास वायुसेनेचे केंद्र आहे. त्यामुळे बदलीचा हुकूम येणे आणि बिऱ्हाड हलणे आपल्या परिचयाचे आहे. गोवा एक्सप्रेस मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी, आग्रा अशी मजल मारीत सुमारे दीड दिवसात दिल्लीस पोहोचते. माणसे पोहोचतात, सामान पोहोचते. परंतु शरीराला नव्या हवेची सवय व्हावयास याहून पुष्कळ अधिक दिवस लागतात. ते दिवस कसे काढावे, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या दोन शहरांच्या हवेत एवढे अंतर का, ते पाहू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील अंगास वसले आहे. पश्चिम समुद्र शंभर किलोमीटरांच्या आत आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. म्हणून समुद्राजवळच्या मुलखात उन्हाळा व हिवाळा दोन्ही सौम्य असतात. दिल्लीची उंची अवघी सुमारे २१५ मीटर, आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. शिवाय ती कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. जूनमध्ये तेथील दिवस सुमारे १४ तासांचा, तर डिसेंबरमध्ये सव्वादहा तासांचा असतो. आपल्याकडे हेच आकडे सुमारे १३ आणि सव्वाअकरा आहेत. म्हणून मे-जूनमध्ये तेथे पारा ४० अंशांच्या वर, कधी ४५ पर्यंत चढतो आणि जानेवारीच्या पहाटे चार-पाच अंशांवर उतरतो. आपल्याकडे एप्रिलात ऊन तापले की वळीव येऊन जीव थंड करतो. तेथे त्या दिवसांत 'लू' नावाचा कोरडा, तप्त वारा वाहतो.

या उष्म्यास आपले शरीर घामाने तोंड देते. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. मात्र कोरड्या हवेत तो इतक्या झपाट्याने वाळतो की अंग ओले झालेले जाणवतच नाही, आणि किती पाणी गेले याचा अंदाज चुकतो. सुदैवाने शरीर शिकते. रोज थोडा थोडा उष्मा सोसला तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील पाण्याचा अंश वाढतो आणि हृदयावरील भार हलका होतो. म्हणजे खरा धोका पहिल्या पंधरवड्यात असतो. त्या काळात खेळ व श्रमाची कामे सकाळी उरकावी, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. घरातील आजी-आजोबांकडे विशेष लक्ष द्यावे. कारण उतारवयात तहान मंदावते आणि शरीरही सावकाश शिकते.

खिशात कांदा ठेवला म्हणजे लू लागत नाही, असे म्हणतात. खिशातील कांद्याने काही होत नाही. पण कैरीचे पन्हे उपयोगी आहे, कारण त्यातून पाणी, मीठ व साखर ही तिन्ही पोटात जातात. अंग अतिशय तापून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

उत्तरेची थंडीही कमी कठीण नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर उपासमारीच्या जोडीला थंडीनेही मराठी सैन्याची दैना केली होती. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे चांगले. कारण त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा ऊब राखते. परंतु आपल्या लोकांना ज्याची कल्पना नसते असा एक धोका तेथे आहे. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याची चूक काही लोक करतात. अशा जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. त्यामुळे झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. रात्री उबेसाठी रजई घ्यावी. पेटती शेगडी निजावयाच्या खोलीत कधीही ठेवू नये.

आणखी एक गोष्ट. शरीर जे शिकते ते विसरतेही. दिल्लीच्या शाळांना साधारणपणे मे-जूनमध्ये सुटी असते आणि मुले आजोळी बेळगाव-निपाणीकडे येतात. येथील पावसात महिनाभर काढला की उष्म्याची सवय बरीचशी मोडते, आणि परत गेल्यावर पहिल्या दिवसांत पुन्हा तीच काळजी घ्यावी लागते. तेव्हा बदली होऊन निघालेल्या मित्रास निरोप देताना पत्ता तर मागून घ्याच. त्याबरोबर एवढेही सांगा, की पहिला पंधरवडा जपून राहा, आणि शेगडी विझवून मगच नीज.