लांबच्या विमान प्रवासासाठी कॉम्प्रेशन सॉक्स: माप कसे घ्यावे, कोणी घालू नयेत?

अमेरिकेला मुलांकडे निघालेले आई-वडील हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, विमानात ते घट्ट मोजे घालायचे का?" मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला सुमारे १६ तास लागतात. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर पोटरीचे स्नायू हलत नाहीत, शिरांमधले रक्त खाली साचते आणि घोटे सुजतात. क्वचित पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती फुफ्फुसात गेल्यास जिवाला धोका असतो.

कॉम्प्रेशन सॉक्सचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त असतो आणि वर कमी होत जातो. त्यामुळे रक्त वर सरकायला मदत होते.

निवड कशी करावी?

- दाब: प्रवासासाठी साधारणपणे १५ ते २० एमएमएचजी पुरतो. त्याहून जास्त दाबाचे मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.
- माप: चपलेच्या नंबरवर जाऊ नका. सकाळी, सूज नसताना, टेपने घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक भाग आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. ही मापे पाकिटावरील तक्त्याशी जुळवा.
- लांबी: गुडघ्याच्या थोडे खालपर्यंतचे मोजे पुरेसे असतात. वरची कड दुमडू नका. दुमडलेल्या जागी दाब वाढून पाय आवळला जातो.
- सवय: नवे मोजे आधी घरी दोन-तीन तास घालून पाहा. बोटे बधिर, थंड किंवा निळसर झाली, तर लगेच काढा.

प्रवासाच्या दिवशी घरून निघतानाच घाला आणि मुक्कामी पोहोचल्यावर काढा.

विचारल्याशिवाय घालू नका

मधुमेहामुळे पाय बधिर असतील, चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल (पायाच्या धमन्यांत अडथळा असल्याचे हे लक्षण असू शकते), पायावर जखम असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बधिर पायाला मोजा काचत असला तरी कळत नाही आणि तिथे जखम होऊ शकते.

पूर्वी गुठळी झालेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या आणि गरोदर व्यक्तींनी तिकीट काढतानाच सल्ला घ्यावा. काहींना मोज्यांसोबत औषधही लागते. मात्र अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका.

मोजे घातले तरी दर तास-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी पंजे वर-खाली करा, पाणी प्या. झोपेची गोळी आणि मद्य टाळा.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा आणि विमान प्रवास केल्याचे आवर्जून सांगा.