घरी शिकणारी मुले आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आपले उभे आयुष्य मुलांना शाळेत आणण्यात वेचले. एखादा मुलगा चार दिवस वर्गात दिसला नाही, तर संध्याकाळी त्याच्या दाराशी सायकल उभी करणारे ते शिक्षक होते. त्यांच्या स्मृतिदिनी, मुलांना शाळेत न पाठविता बुद्ध्याच घरी शिकविणाऱ्या आईबापांविषयी बोलावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. मला तसे वाटत नाही. गुरुजी मुलाच्या घरी जात ते केवळ हजेरीसाठी नव्हे. त्या घरात मूल कोणाजवळ बसते, त्याच्याशी कोण बोलते, अभ्यासाला जागा कुठे आहे, हे सारे ते पाहून येत. आज मलाही तेच पाहावयाचे आहे.

हा विषय बडोद्यात मांडण्यास आणखी एक कारण आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मुलाने शिकलेच पाहिजे, हे तत्त्व कायद्याने सांगणाऱ्या या नगरीचा आपल्याला अभिमान आहे. परंतु त्याच महाराजांचे स्वतःचे शिक्षण, १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी कवळाण्याहून दत्तक आल्यानंतर, एलियट नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली राजवाड्यात झाले. शिक्षण सक्तीचे असावे आणि शाळा सक्तीची असावी, ही दोन विधाने एकच आहेत काय? गृहशिक्षणाचा सारा वाद या एका प्रश्नात सामावलेला आहे.

या चळवळीचा उगम

शाळा सर्वत्र झाल्यानंतर मूल समजूनउमजून घरी ठेवण्याची चळवळ ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ती मुख्यतः अमेरिकेत वाढली. तिच्या अध्वर्यूंपैकी जॉन होल्ट (१९२३-१९८५) हे स्वतः प्राथमिक शिक्षक होते. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ चिल्ड्रन फेल' या पुस्तकात त्यांनी दाखविले की, वर्गातील मुलांची पुष्कळशी शक्ती विषय समजून घेण्यापेक्षा बाईंना हवे ते उत्तर ओळखण्यात आणि चुकण्याच्या भीतीत खर्च होते. आरंभी त्यांना शाळा सुधारावयाच्या होत्या. ती आशा मावळल्यावर १९७७ मध्ये त्यांनी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक काढले. त्याचा मोठा भाग पालकांच्या पत्रांनी भरलेला असे. मूल वाचावयास कसे लागले, कोणत्या दिवशी सगळेच बिनसले, असा घरगुती मजकूर त्यात येई. याच सुमारास धार्मिक कारणांनी मुले घरी ठेवणाऱ्या कुटुंबांचाही एक मोठा प्रवाह त्यात मिसळला. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. १९९९ साली तेथे सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ मध्ये ही संख्या अठरा लाखांच्या आसपास पोहोचली.

प्रत्येक देशाची दृष्टी मात्र वेगळी आहे. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुलास शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले आणि ते शाळेत पाठवून किंवा अन्य मार्गाने पार पाडण्याची मुभा ठेवली. याउलट जर्मनीत शाळेत जाणेच सक्तीचे आहे. आपल्याकडे २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरविले. परंतु त्यांच्यासाठी शिक्षा सांगितली नाही, आणि घरच्या शिक्षणाविषयी स्वतंत्र तरतूदही केली नाही. त्यामुळे आपल्याकडील अशी कुटुंबे काहीशा संदिग्ध भूमीवर उभी आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या परीक्षा हा त्यांचा मोठा आधार आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास तिच्या दहावीच्या परीक्षेस बसता येते.

एका घरातील चार दिवस

कायदा आणि आकडे यांवरून या विषयाची बाह्यरेषा कळते. त्याचा जीव घरात गेल्यावाचून कळत नाही. काही वर्षांपूर्वी पुण्यास माझ्या पुतण्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. दोघेही घरी शिकणारी. खरे सांगावयाचे तर मी त्यांना समजावून शाळेत घालावयास लावण्याच्या इराद्यानेच गेलो होतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक वेळापत्रक लटकत होते. कडा मुडपलेल्या, शाई उडालेली. "काका, पहिल्या महिन्यात मी घंटासुद्धा वाजवत होते," सून हसून म्हणाली. पाऊणपाऊण तासांच्या तासिका, मधली सुट्टी, गृहपाठ, सारे काही आखलेले. दीड महिन्यात आई थकली आणि मुले कंटाळली. असे घर शिकवू लागले की पहिल्या वर्षी ते बहुधा शाळेचीच नक्कल करते आणि दमते. याचे कारण उघड आहे. चाळीस मुले आणि एक शिक्षक यांचा मेळ बसावा म्हणून तासिका निर्माण झाली. दोन मुलांना तिची गरज नसते.

शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचे असावेत. चांगल्या पुस्तकातील मजकूर एकदाच वाचावा आणि मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, अशी त्यांची पद्धत होती. ती या कुटुंबांनी पुन्हा उचलून धरली आहे. त्या घरी तिचा प्रत्यय आला. मुलाने आग्र्याहून सुटकेचा भाग वाचला आणि तो मला सांगू लागला. मध्येच धाकटीने विचारले, "आजोबा, पेटाऱ्यात बसल्यावर महाराजांना शिंक आली असती तर?" तीस वर्षे मी इतिहास शिकविला. १६६६ च्या त्या प्रसंगाची कारणे आणि परिणाम माझ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असत. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, किंवा विचारण्याइतकी उसंत मी कोणाला दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाराशी भाजीवाली आली. मटार साठ रुपये किलो. पाऊण किलोचे किती, असे आईने मुलास विचारले. तो म्हणाला, "चाळीस." आई गप्प राहिली. भाजीवालीच म्हणाली, "बाळा, असा हिशेब केलास तर माझी टोपली बुडायची!" मग मुलाने मटार वाटीवाटीने मोजले, चार सारखे ढीग केले, एक बाजूला सारला आणि पंचेचाळीसवर आला. यात तासभर गेला आणि त्या दिवशी जेवणे दोन वाजता झाली. असा तास देणे वर्गातल्या शिक्षकास शक्य नसते, हे मी कबूल करतो. आणि रोज दोन वाजता जेवणे कोणत्याच घरास परवडत नाही, हेही तितकेच खरे.

जिन्यात शेजारच्या आजी भेटत. "आज सुट्टी का गं?" "नाही, आम्ही घरीच शिकतो." "मग परीक्षा?" ही प्रश्नोत्तरे मी चार दिवसांत तीनदा ऐकली. सहा वर्षांच्या मुलीने ती पाठ केली होती. आपल्या वेगळेपणाचा खुलासा लहानपणापासून देत राहावे लागणे, हाही त्या घरातील एक धडाच होता.

शेवटच्या रात्री मुले झोपल्यावर सून ओट्याशी आवरीत होती. बँकेतली नोकरी तिने याकरिता सोडली होती. ती म्हणाली, "काका, सकाळी वाटतं, छान चाललंय. रात्री वाटतं, पोरांचं नुकसान तर करत नाही ना? शाळेत घातलं असतं तर चूक शाळेच्या नावावर गेली असती. इथे चूक झाली तर ती माझीच." मी आलो होतो तो उपदेश करावयास, तो माझ्या तोंडून निघाला नाही. पुतण्याला मात्र एवढेच म्हणालो, "तू रविवारी विज्ञान शिकवतोस, ती सातही दिवस शिकवते. हिशेब तुझाही तपासून घे." गृहशिक्षणावरील चर्चेत पद्धतींचा खल पुष्कळ होतो, पण बहुतेक घरांत हा भार एकट्या आईवर पडतो, याचा उच्चार त्या मानाने कमी होतो.

शाळेची बाजू

आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळता कामा नयेत. शाळेत मूल परक्या जातीच्या, परक्या भाषेच्या, वेगळ्या परिस्थितीतल्या मुलाशेजारी बसते. घरात ही सरमिसळ आपोआप होत नाही. घरी एखाद्या मुलाची आबाळ होत असेल, तर ते बाहेरच्या कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. आणि आपल्या देशात 'मूल घरी आहे' याचा अर्थ पुष्कळदा ते कामाला जुंपले आहे, किंवा मुलगी आहे म्हणून तिला घरात अडकविले आहे, असाच होत आला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरी फोन नव्हता, जागा नव्हती, शिकलेले माणूस नव्हते, तेथील मुलांचे काय झाले, हे आपण पाहिले. शाळा हा कित्येक मुलांचा एकमेव दरवाजा असतो.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. दिवसभराच्या कामातून सवड मिळत नसल्याने आई लक्ष्मीबाई त्यांना पहाटे उठवून, जवळ घेऊन संस्कृत शिकवीत. त्या पहाटेच्या पाठांच्या बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. गृहशिक्षणाचे याहून उज्ज्वल उदाहरण आपल्या भाषेत क्वचितच सापडेल. पण पुढे याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. आपल्याला लाभली तशी आई आणि तसे घर प्रत्येकीला लाभत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांचे घर शिकवू शकत नाही त्यांच्यासाठी शाळा, हा त्याचा अर्थ.

आपल्यापुरते

मग शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी या कुटुंबांकडून काय घ्यावे? हा प्रश्न गुजरातला नवा नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी एकत्र काम केले. गिजुभाईंनी गुजरातीत आणि ताराबाईंनी मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवून पालकांनाच शिकविण्याचा प्रयत्न केला. आईबाप होणे किती अवघड आहे, यावर गिजुभाईंनी एक पुस्तकच लिहिले. मूल शाळेत गेले म्हणून घराची जबाबदारी संपत नाही, ही त्यांची शिकवण होती.

आपल्यासाठी, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांसाठी, या शिकवणीला आणखी धार आहे. या सभागृहातील बहुतेक माजी विद्यार्थ्यांची मुले-नातवंडे इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. त्यात दोष काहीच नाही. परंतु त्यांना मराठी कोणत्या वर्गात मिळते? कोणत्याच नाही. ती मिळाली तर स्वयंपाकघरात, आजीच्या अंथरुणाशी, देवापुढे दिवा लावताना, किंवा भाजीच्या हिशेबात. म्हणजे मराठीपुरते आपण सारेच घरी शिकविणारे आईबाप आहोत. आपण ते मान्य केलेले नाही, एवढेच. आणि त्या सुनेचे वाक्य आपल्यालाही लागू पडते. येथे चूक झाली तर ती शाळेच्या नावावर जाणार नाही.

म्हणून मोठी योजना मी सांगत नाही. रोज पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नको. एकदा वाचून दाखवावे आणि मुलाला ते मराठीत सांगू द्यावे. चुकले तर तेथल्या तेथे टोकू नये. भाजीवालीने सुधारले तर उत्तम, नाही तर उद्या पाहता येईल. आणि हे काम एकट्या आईवर टाकू नये. बापाने, आजोबांनी, माझ्यासारख्या रिकाम्या निवृत्तांनी त्यात वाटा घ्यावा.

गुरुजींची सायकल आता आपल्या दाराशी येणार नाही. परंतु ती आली असती, तर आत येऊन त्यांनी मुलाचे प्रगतिपुस्तक मागितले नसते. ते मुलाजवळ बसून म्हणाले असते, "काय वाचलेस, ते सांग पाहू." त्या वेळी आपल्या घरातले मूल मराठीत चार वाक्ये सांगू शकेल काय, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा, एवढी विनंती.