शाळा एक, शास्त्रे चार

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले झाकिर हुसेन शिक्षण अभ्यास केंद्र सामाजिक शास्त्रांच्या विभागात मोडते. इथे शिक्षक घडवत नाहीत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि मानसशास्त्र या चार अंगांनी शिक्षणाचा अभ्यास होतो. मूल शाळा सोडते तेव्हा घरची मिळकत, जात, वर्गातली भीती असे सारेच तपासावे लागते. केंद्राच्या उभारणीत अर्थतज्ज्ञ तापस मजुमदार अग्रभागी होते. प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्क करायचे तर खर्च किती, हे त्यांच्याच समितीने १९९९मध्ये मांडले: दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये जादा. हक्काची किंमत अशी रोखठोक सांगणे फार मोलाचे होते. केंद्राला ज्यांचे नाव आहे, ते झाकिर हुसेन १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर ‘नई तालीम’ या हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते.