लेडनहॉल स्ट्रीटवरचा लाकडी मिडशिपमन

लंडनच्या डाउटी स्ट्रीटवरचं चार्ल्स डिकन्सचं घर आता संग्रहालय आहे. तिथे निळ्या कोटातला एक लाकडी मिडशिपमन, म्हणजे आरमारातला उमेदवार अधिकारी, ठेवला आहे. सूर्याची उंची मोजायचं यंत्र त्याने डोळ्याला लावलंय. ‘डॉम्बी अँड सन’ (1846-48) या कादंबरीत जहाजी उपकरणं विकणाऱ्या सॉल गिल्सच्या दुकानाबाहेर उभा असतो तो हाच, असं अभ्यासक मानतात. लोक त्याला कादंबरीसाठीच बघायला जातात. खऱ्या दुकानाची चौकशी फारशी कोणी करत नाही.

ते दुकान होतं 157, लेडनहॉल स्ट्रीटला. आधीचा मालक विल्यम हेदर याच्या पश्चात जॉन विल्यम नोरीने (1772-1843) ते नावारूपाला आणलं. सागरी नकाशे, होकायंत्रं, दुर्बिणी विकायच्या आणि होतकरू खलाशांना नौकानयनाचं गणितही शिकवायचं, असा दुहेरी धंदा. व्यापारी जहाजाच्या कप्तानाला नकाशे स्वतःच विकत घ्यावे लागत. ते समुद्रावर टिकावेत म्हणून पाठीमागे जाड निळा कागद चिकटवत. त्यावरून त्यांना ‘ब्ल्यू बॅक’ हेच नाव पडलं.

मिडशिपमन ही या दुकानाची खूण. घरांना नंबर येण्याआधी दुकानं अशा खुणांवरूनच ओळखत, आणि लंडनचे रस्ते लोंबत्या पाट्यांनी भरलेले असत. 1718 मध्ये ब्राइड लेनमध्ये अशीच एक अवजड पाटी भिंतीचा दर्शनी भाग घेऊन कोसळली आणि चार माणसं दगावली. तरी 1760 चं दशक उजाडेपर्यंत पाट्या काही उतरल्या नाहीत. मग घरांना नंबर आले. दुकानांच्या दारातले लाकडी मिडशिपमन मात्र टिकून राहिले, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. पुण्यात आजही घर नंबर विचारला तर माणूस गोंधळतो, जिलब्या मारुतीचं देऊळ म्हटलं की थेट पोचवतो.

शिवाय रस्ता कोणता, हेही पाहायला हवं. याच लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया हाउस होतं. मुंबई इलाख्याचा कारभार तिथून आलेल्या हुकमांवर चाले. 1861 मध्ये ती इमारत पाडली. आज तिथे लॉइड्स हा विमाबाजार आहे. पाडण्याच्या आदल्याच वर्षी डिकन्सने एका लेखात आपली या भागातली पायपीट लिहून ठेवली आहे. इंडिया हाउसपाशी त्याला टिपू सुलतान आठवतो, आणि ओळखीच्या लाकडी मिडशिपमनचा पाय थोपटून तो पुढे जातो.

कादंबरीतलं दुकान गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेलं असतं. नोरीचं तसं नव्हतं. पेढी ‘नोरी अँड विल्सन’ झाली, पुढे मिनरीज या रस्त्यावर हलली, मिडशिपमनही सोबत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती इतर नकाशेवाल्या पेढ्यांत विलीन झाली. नोरीने 1803 मध्ये छापलेली गणिती कोष्टकं मात्र नव्या आवृत्त्यांतून चालूच राहिली. मर्चंट नेव्हीच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना विचारा. ‘नोरीज टेबल्स’ त्यांना पाठ नसतील, पण कुठलं पान कशाचं हे झोपेतही सांगतील. डिकन्स त्यांच्यातल्या किती जणांनी वाचलाय ते सोडा.